ग्रेसला दिलेला शब्द

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

अबुधाबी
दि. १८ जानेवारी २००२

ती. स्मिताताईस,
मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

चार शुक्रवार फोन लावलास आणि चारही वेळा एंगेज लागला, म्हणून सतीशरावांनी फोन विकला की काय असं विचारलंस. फोन जागेवर आहे. शुक्रवारी दुपारी तो कॉम्प्युटरला जोडलेला असतो आणि कॉम्प्युटरसमोर वांबुई बसलेली असते. बसायची, असं म्हणायला हवं. त्याचंच लिहायला बसले आहे.

समोरच्या फ्लॅटमध्ये ग्रेस सिस्टर राहते. केनियाची, इथल्या हॉस्पिटलात नर्स. वांबुई तिची मुलगी, वीस वर्षांची. दहाव्या वर्षी इथे आली, त्यामुळे हिंदी आपल्या रिद्धीपेक्षा बरं बोलते. घरी बसून बी.ए. करते. इंटरनेटवर ती एक वही लिहिते, तिला ब्लॉग म्हणतात. आपली वही आपण कपाटात ठेवतो, ही जगासमोर उघडी ठेवते. नाव मात्र स्वतःचं घालत नाही. लिहिते ते घरकामाला इथे आलेल्या आफ्रिकेतल्या पोरींबद्दल. एजंट त्यांना दुकानात काम देतो सांगून आणतो, पासपोर्ट काढून घेतो आणि चार घरची भांडी घासायला लावतो. चर्चमध्ये त्या मुली हिला भेटतात आणि सांगतात. तिच्या देशातले पुष्कळ लोक ते वाचतात म्हणे.

ग्रेसला यातलं काही माहीत नव्हतं. मागच्या आठवड्यात कळलं. ड्यूटीवरून तशीच युनिफॉर्ममध्ये आली आणि माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून रडली. तिचा व्हिसा हॉस्पिटलचा, मुलीचा व्हिसा तिच्यावर. कुणी एक तक्रार केली की खलास, दोघी विमानात, आणि गावाकडे वांबुईच्या दोन धाकट्या भावांची शाळा ग्रेसच्या पगारावर. तिला मुलीला नर्सिंगला घालायचं आहे. तिने माझे हात धरले आणि म्हणाली, या घरातून माझी मुलगी पुन्हा लिहिणार नाही एवढं वचन द्या. मी देवापुढच्या समईवर हात ठेवून शब्द दिला. हेही म्हणाले, बरं झालं, फोन माझ्या नावावर आहे.

पण ताई, वांबुई काल लिफ्टमध्ये भेटली. भांडली नाही, रुसली नाही. नुसतं आंटी, कैसी हो, म्हणाली आणि दाराकडे बघत उभी राहिली. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. मी बरोबर केलं का? तू कोर्टात माणसं बघतेस, तूच सांग.

माझ्यावरचा लोभ या प्रश्नाने कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
मंजुषा

॥ श्री ॥

खामगाव
दि. ९ फेब्रुवारी २००२

चि. सौ. मंजुषास,
अ. उ. आ.

पत्र पावलं. फोन विकला नाही हे वाचून तुझ्या मेव्हण्यांचा जीव भांड्यात पडला. ते पैज हरले.

तू समईवर हात ठेवलास तेव्हा देवाला विचारलं होतंस का? लहानपणापासून तुझी हीच खोड. समोरचं माणूस रडलं की तू शब्द देऊन मोकळी. शेजारच्या मावशींना शब्द दिलास आणि वर्षभर त्यांच्या मांजराला दूध घातलंस, आठवतं का.

आता शब्द मोडायचा नाही. चोरून तर मुळीच नाही. त्या पोरीला सतीशराव ऑफिसला गेल्यावर गुपचूप बोलावशील, तसं करू नकोस. पण दिलेला शब्द मागून परत घेता येतो. ज्याला दिला त्याच्याच दारात जायचं, समोर बसायचं आणि म्हणायचं, मी तुला दिलेला शब्द मला परत दे. तिने नाही म्हटलं तर विषय संपला. कोर्टात रोज हेच चालतं, फक्त तिथे त्याला स्टॅम्प लागतो.

आणि एक. सत्तावीस वर्षं मी लोकांच्या तक्रारी टाइप करते आहे. रागाने भरलेली पानंच्या पानं येतात. साहेब पहिलं विचारतात, तारीख काय, ठिकाण कोणतं, कोणी पाहिलं. ते नसलं की कागद बाजूला. तुझी वांबुई काय लिहिते ते मला माहीत नाही, पण तारखा घालते का ते विचार.

रिद्धीला पापा. सतीशरावांना सांग, फोन त्यांच्या नावावर असला तरी घर तुझ्या नावावर चालतं.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझी,
स्मिता

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

अबुधाबी
दि. २९ मार्च २००२

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसं केलं. संकष्टीचा उपास होता. नारळ आणि खजूर घेऊन ग्रेसच्या दारात गेले. अर्धं हिंदी अर्धं इंग्रजी करत सांगितलं की मी घाईत शब्द दिला, आता तो मला परत हवा. ती म्हणाली, तीन दिवस द्या, मी प्रार्थना करते. तिने तीन दिवस बायबल वाचलं, मी अथर्वशीर्षाची आवर्तनं केली. कुणाचं कुठे पोचलं देव जाणे. चौथ्या दिवशी ती शब्द परत घेऊन आली, पण एका अटीवर: मुलगी जे लिहील त्यातली ओळ न् ओळ आधी मी, म्हणजे तुझ्या बहिणीने, वाचायची. मला जे पटलं नाही ते जाणार नाही.

मॅट्रिकचं माझं इंग्रजी. ते ग्रेसला माहीत आहे. तरी म्हणाली, तुम्ही आई आहात, भीती वाटायला हवी तिथे तुम्हाला वाटेलच.

यांना मीच सांगितलं. दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी स्वतःच नवी वायर आणून जोडून दिली आणि म्हणाले, लिहायचंच तर मध्येच लाइन तुटायला नको.

तर आता दर शुक्रवारी जेवणं झाली की मी डिक्शनरी घेऊन बसते. हे ऑफिसातून आणतात त्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर वांबुई छापून देते. पहिल्या दिवशी अर्ध्या पानाला दीड तास लागला. पॅट्रिआर्की असा शब्द होता. मी विचारलं, हा कोण, कुठल्या गावचा. ती हसून म्हणाली, आंटी, तो माणूस नाही, पद्धत आहे. मी म्हटलं, पद्धतीने पासपोर्ट घेतला का? ज्या हाताने घेतला त्याचं लिही. रुसली. चहा प्यायली. मग लिहिलं की सोमवारी संध्याकाळी एजंटने विमानतळाच्या पार्किंगमध्ये पासपोर्ट घेतला, शेजारी ड्रायव्हर उभा होता. ते वाचताना मला डिक्शनरी लागली नाही, पण पाणी प्यायला उठावं लागलं.

आता नियमच झाला आहे. मला कळलं नाही ते वाक्य मोडायचं आणि सोपं करायचं. तुझी तारीख, ठिकाण, साक्षीदार हेही मी तिला पाठ करायला लावलं. एजंटला तिने चोर म्हटलं होतं, ते खोडलं. चोर कोण ते वाचणाऱ्याला कळतं. खोडल्यावर म्हणाली, आंटी, तुम्ही माझ्या प्रोफेसरपेक्षा कडक आहात. मी म्हटलं, त्यांना पगार मिळतो, मला नाही.

दोन पानं सोबत पाठवते. तूही बघ आणि काही राहिलं असेल तर कळव. इतका लोभ तुझ्याकडे शिल्लक आहे असं धरून चालते.

तुझी,
मंजुषा

॥ श्री ॥

खामगाव
दि. २० एप्रिल २००२

चि. सौ. मंजुषास,
अ. उ. आ.

पानं वाचली. आमच्या नव्या वकिलीणबाईंनाही दाखवली. त्या म्हणाल्या, हे कोणत्याही कोर्टात उभं राहील. मुलीला सांग. एका ठिकाणी मात्र ‘पुष्कळ मुली’ असं लिहिलं आहे. पुष्कळ म्हणजे किती? तीन असतील तर तीन लिही. तीन मुली थोड्या नसतात.

ग्रेसबाईंना माझा नमस्कार कळव. भीती पोटात असताना शब्द परत देणं सोपं नव्हतं. तू नारळ घेऊन गेलीस हे ऐकून मला हसू आलं आणि मग आलं नाही.

उन्हाळा फार आहे. पापड वाळतात, माणसंही वाळतात. तुमच्याकडे पापड आत वाळवतेस का बाहेर? येणाऱ्यासोबत थोडे पापड पाठवते.

पाठीशी आहे असं समज.

तुझी,
स्मिता

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

अबुधाबी
दि. १४ नोव्हेंबर २००३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खूप दिवसांनी लिहिते. लिहिण्याजोगं होतं, पण आधी भीतीने हात चालेना आणि नंतर आनंदाने.

गेल्या महिन्यात खालून वॉचमन कमरुद्दीन वर आला आणि म्हणाला, सूट घातलेले एक साहेब केनियाच्या वकिलातीतून आलेत, त्या वहीवाल्या मुलीला शोधतायत. ग्रेस घरीच होती. तिने पलंगाखालची बॅग काढली आणि कपडे भरायला घेतले. मी तिच्या खोलीत उभी. मनात एकच, हे माझ्यामुळे झालं. मी शब्द परत मागितला नसता तर ही बाई आज आपल्या स्वयंपाकघरात असती.

वांबुई त्यांना आमच्याच हॉलमध्ये घेऊन आली. वयस्कर माणूस, चष्मा, बोलणं हळू. म्हणाला, घाबरू नका. ब्लॉगवरचा ईमेल पत्ता वापरून त्याने आधी लिहिलं होतं. हिने भीतीने उत्तरच दिलं नव्हतं, तेव्हा चर्चमधल्या एका मुलीकडून पत्ता मिळवून तो आला. त्याच्याकडे मुलींच्या घरच्यांची खूप पत्रं येतात, सगळी खरी, पण हाताला लागेल असं त्यात काही नसतं. हिच्या लिखाणात एकतीस मुली आहेत, प्रत्येकीची तारीख आहे, ठिकाण आहे. त्याने विचारलं की ही यादी मला देशील का, आणि त्या मुलींना विचारून दे. मग म्हणाला, कागद वाचताना एकदाही मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं नाही, हे कुणी शिकवलं? वांबुईने माझ्याकडे बोट केलं. मी चहात साखर जास्त घातली.

ताई, त्या एकतीसातल्या एकोणीस जणींचे पासपोर्ट आत्तापर्यंत परत मिळाले. सहा जणी घरी गेल्या. बाकीच्यांचं चालू आहे, इन्शाल्ला होईल, असं वांबुई म्हणते. तिला तिथे अर्ध्या दिवसाची कारकुनी मिळाली आहे, अशा मुलींची कैफियत लिहून घ्यायची. म्हणजे तुझंच काम. पगार तेराशे दिरहॅम, आपले सोळा हजारांच्या वर. पुढच्या वर्षी बी.ए. झालं की त्यांच्या परराष्ट्र खात्याची परीक्षा दे असं तो साहेब तिला सांगतो.

ग्रेसने बॅग रिकामी करून पलंगाखाली ठेवली, पण हॉस्पिटलात काही बोललेली नाही. तिथे विचारलं की सांगते, मुलगी ऑफिसात टायपिंग करते. मी काही म्हणत नाही. तिची भीती तिने कमावलेली आहे.

तू सांगितलेली एक ओळ कुठवर गेली बघ. लोभ करतेस तो असा उपयोगी पडतो.

तुझी,
मंजुषा

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

अबुधाबी
दि. ७ डिसेंबर २००६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर अर्धंच सांगितलं, कारण तू मध्येच रडायला लागलीस आणि मेव्हण्यांना वाटलं इथे काही अशुभ झालं. आता सगळं सांगते.

वांबुई मागच्या वर्षी परीक्षा पास झाली ते तुला माहीत आहे. नैरोबीला ट्रेनिंग झालं, थर्ड सेक्रेटरी अशी पदवी मिळाली. रिद्धी मला इंग्रजीतून सांगते की ममा, दॅट्स अ डिप्लोमॅट. मला तेवढं कळतं. इथे परवा एक बैठक होती, कामगार पाठवणारे देश आणि ठेवणारे देश यांची, एका मोठ्या हॉटेलात. त्यांच्या देशाची पाच माणसं आली, त्यात सगळ्यात लहान ही. घरकाम करणाऱ्या बायकांचा भाग तिने मांडायचा असं ठरलं होतं. त्या एकतीस मुलींपासून सुरुवात करणार, असं तिने मला आधी सांगितलं होतं.

बैठक संपेपर्यंत तिला घरी यायची मोकळीक नव्हती. मग मी आणि ग्रेसच गेलो. आत सोडणार नाहीत हे माहीत होतं, लॉबीत उभं राहायला कोण अडवतं. मी कांजीवरम नेसले, ग्रेसने चर्चचा ड्रेस घातला. साडेअकराला चहाला दारं उघडली आणि माणसांचा लोंढा बाहेर आला. त्यात ती, निळा कोट, हातात फाइल. एक पांढऱ्या केसांचा अधिकारी तिला थांबवून काही विचारत होता आणि ती उत्तर देत होती. आवाज ऐकू आला नाही. पण तो माणूस खिशातून पेन काढून लिहून घ्यायला लागला ते मी पाहिलं. मी गजाननाचं नाव घेतलं. तिने आम्हाला बघितलं, हसली नाही, नुसती मान लववली, कामावरचं माणूस लववतं तशी. मला तेच आवडलं.

येताना टॅक्सी न करता बसने आलो. ग्रेस खिडकीशी बसली होती. तिची त्या दिवशी ड्यूटी होती, मग सुट्टी कशी मिळाली असं मी विचारलं. चौदा वर्षांत एक दिवस हवा असेल तेव्हा ती ताप आला म्हणून सांगत आलेली आहे, हे मला माहीत आहे. ती म्हणाली, या वेळी ताप सांगितला नाही. रजेचा अर्ज घेऊन मेट्रनसमोर उभी राहिली. कारण काय, असं मेट्रनने विचारलं. तिने सांगितलं, माझी मुलगी आज देशाच्या वतीने बोलणार आहे. घरोघरी राबणाऱ्या बायकांबद्दल. पाच वर्षं ती त्यांच्याबद्दल लिहिते आहे, पहिली पानं या अबुधाबीत बसून लिहिली, आणि मला ते माहीत होतं.

मी विचारलं, मग मेट्रन काय म्हणाली?

ग्रेस म्हणाली, ते ऐकायला मी थांबलेच नाही. अर्ज टेबलावर ठेवला आणि ड्रेसला इस्त्री करायला घरी आले.

आहे तो लोभ कमी होऊ देऊ नकोस, वाढला तर आम्ही दोघी वाटून घेऊ.

तुझी,
मंजुषा