कवडीचं दुखणं

वस्तीवरून, केडगाव–चौफुला रस्ता, ता. दौंड
२४ ऑक्टोबर २०२५

गिताबाई विहीणबाई यांना प्रतिभाचा नमस्कार.

आम्ही इथे बरे आहोत, तुमच्याकडेही सगळं बरं असेल. तुमची दिवाळी यंदा सोनमशिवाय गेली, त्याचा राग तुमच्या मनात असणार. मी चार वेळा फोन केला, तुम्ही उचलला नाही. म्हणून हे पत्र. ज्योतिबामामा दुधाचा टेम्पो घेऊन चौफुल्याला येतात, त्यांच्या हाती देते. तुमचे सख्खे भाऊ आहेत, वाटेत उघडणार नाहीत एवढा भरवसा आहे.

कवडी आजारी आहे. लग्नात तुम्ही सोनमबरोबर पाठवलेली ती तलंग कोंबडी. पाठवणीच्या वेळी तुम्ही म्हणाला होता, "लेक दिलीया, तिच्यासंगं तिचं येक बोलायचं मानूस बी देती." मांडवात सगळे हसले होते. पण खरंच, सोनम तिच्याशी जेवढी बोलते तेवढी आमच्यापैकी कुणाशी बोलत नाही.

सोमवारी सकाळी खुराडं उघडलं तर कवडी मान लांब करकरून गिळल्यासारखं करत होती. गळ्याखाली मोसंबीएवढा फुगवटा. कोंबडीची चाऱ्याची पिशवी संध्याकाळी भरते आणि सकाळपर्यंत रिकामी होते, हे तुम्हाला मी काय सांगायचं. हिची सकाळीही भरलेली, शिळ्या कणकेसारखी घट्ट. तोंडाला आंबूस वास. मी चारा बंद केला, नुसतं पाणी ठेवलं. चमच्याने गोडेतेलाचे चार थेंब पाजून बोटांनी चोळलं. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, उलटी धरून ओकायला लावू नका, श्वासात जाईल. तेल, पाणी, चोळणं चालू ठेवा.

पण मला हे आपोआप झालेलं वाटत नाही. माझी धाकटी जाऊ सिंधूबाई तुम्हाला माहीत आहे. आमची घरं पाठीला पाठ लावून, परस एकच. आषाढात आमच्या कोंबड्या तिच्या कांद्याच्या रोपात शिरल्या तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "आवर घाल तुझ्या कोंबड्यास्नी, न्हाईतर येक दिस घावायच्या न्हाईत." तिच्याकडे कांद्याला टाकायचं दाणेदार औषध असतं. आणि सोमवारीच ती तांब्याभर ताक घेऊन आली. "पाज गं कवडीला, पोटाला थंड पडंल." आषाढात शिव्या देणारी बाई दिवाळीत ताक का आणते? मी ते मोरीत ओतलं.

सोनमची काळजी करू नका. आता तिसरा महिना संपत आला. मी तिच्या खाण्यापिण्यावर जातीनं लक्ष ठेवते. काही गोष्टी तर समोर बसून खायला घालते. दसऱ्याला तुम्ही तिला न्यायला आलात आणि प्रवास नको म्हणून मी नाही म्हटलं, ते तिच्याच भल्यासाठी.

उत्तर पाठवा.

तुमची,
प्रतिभा



२९ ऑक्टोबर २०२५

विहीणबाईंना नमस्कार.

उत्तर आलं नाही. ज्योतिबामामा म्हणाले, "वाचलं तिनं. घडी घातली आन् डब्यात ठिवलं." बरं. निदान चुलीत नाही घातलं.

कवडी अजून आहे. तुरा पांढुरका पडला आहे, पाठीचं हाड हाताला लागतं. चोळलं की फुगवटा जरा मऊ पडतो, तासाभराने पुन्हा तसाच. विष असतं तर एवढे दिवस जगली नसती, असं मल्हार म्हणतो. तो माझा मुलगा असून काकूची बाजू घेतो. कारखान्याच्या पाळीवरून येतो, जेवतो, झोपतो. घरात काय शिजतं आहे हे त्याला कळत नाही.

आता जे लिहिते ते वाचून तुम्ही चिडाल. मला सोनमचा संशय येतो.

दिवाळीच्या आदल्या रविवारी, म्हणजे कवडी आजारी पडण्याच्या बरोबर आदल्या दिवशी, मी तिला खिडकीतून पाहिलं. पदराखाली मूठ झाकून परसात गेली. कवडीपुढे बसली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मूठ उघडली. त्या वेळी मी मनावर घेतलं नाही. काल विचारलं.

"त्या दिवशी काय घातलंस तिला?"

"काय न्हाई, आत्या."

"मुठीत काय होतं?"

"शेंगदानं."

"मग पदराखाली कशाला?"

"तुम्ही म्हनला असता, धान्य कोंबडीला कशापाय."

मी कधी तिच्या शेंगदाण्यांना बोलले आहे? बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती. दुपारी तुमच्याशी फोनवर बोलते तेव्हा माझी चाहूल लागली की "बरं ठिवते" म्हणते. मी अंगणवाडीत एकवीस वर्षं काढली आहेत. बायका काय लपवतात ते मला चेहऱ्यावरून कळतं.

खरं सांगा, हे तुम्ही शिकवलेलं नाही ना? माहेरची कोंबडी सासरी मेली, अपशकुन झाला, आता पोरीला ठेवत नाही, असं म्हणून तिला घेऊन जायचं? स्वतःची लाडकी कोंबडी मारण्याएवढी तिला इथून सुटायची घाई झाली असेल तर मला कळायला हवं. वरचं खोडणार होते. पण चार दिवस मी याच विचारात आहे, आता राहू दे.

आणखी एक. मी तिला शक्तीचं एक गावठी औषध दिलं आहे. तीन रविवार. त्यात वाईट काही नाही. त्यावरून ती तुमच्याजवळ काही बोलली असेल तर मनात किंतु ठेवू नका.

उद्या रंगूमावशीला बोलावलं आहे. वस्तीवरच्या कोंबड्यांची पिशवी चिरून टाके घालणारी म्हातारी ती एकच. झाली बरी तर झाली.

प्रतिभा



२ नोव्हेंबर २०२५, रविवार

गिताबाई,

आज ख्यालीखुशाली लिहीत नाही. सोनम धडधाकट आहे एवढंच आधी वाचा, मग पुढचं वाचा.

गुरुवारी सकाळी रंगूमावशी आली. नवं ब्लेड, सुई आणि दोरा मी पाण्यात उकळून ठेवले होते. सोनमने कवडीला मांडीवर घेतलं, पंख दाबून धरले, डोळ्यांवर फडकं टाकलं. सिंधूबाई न बोलावता आली आणि मिठाचं कोमट पाणी धरून उभी राहिली. मावशीने गळ्याखालची पिसं उपटली आणि बोटाच्या पेराएवढी चीर दिली. आधी वरचं कातडं, मग आतली पिशवी. कवडी एकदाच कण्हली.

आतून वाळलेलं गवत निघालं, बाजरीचे आंबलेले दाणे निघाले. आणि या सगळ्याला गुंडाळलेला दोरा. मावशी ओढत गेली आणि तो येतच राहिला. पाण्यात धुतला तेव्हा दिसलं की दोन दोरे एकमेकांत अडकले आहेत. हिरवे, मध्ये जरीची तार.

मावशीने हातातलं ब्लेड खाली ठेवलं. "ह्यो साधा दोरा न्हाई. ही करनी हाय." आणि तिने सिंधूबाईकडे पाहिलं. "परसात तुझ्याबिगर कोन येतं गं?"

"मावशे, देवाची आन! मी कशापाय करू?"

"कोंबड्यावरनं भांडलीस ते अख्ख्या वस्तीनं ऐकलंय."

सिंधूबाई माझ्याकडे बघायला लागली. मी काहीतरी बोलेन म्हणून. गिताबाई, मला तो दोरा पाहताक्षणी ओळखू आला होता. तरी मी गप्प बसले, कारण संशय तिच्यावर बसला तर माझ्यावर येणार नव्हता. तिने पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि डोळ्याला पदर लावून घरी गेली.

तो दोरा माझ्या लुगड्याचा आहे. मल्हारच्या बारशात नेसलेल्या.

मी ज्याला शक्तीचं औषध म्हटलं ते मुलगा होण्याचं औषध होतं. मल्हारच्या वेळी माझ्या सासूने मला दिलं होतं. तेव्हा ते ज्या माणसाकडून आणलं, त्याचा मुलगा आता देतो. मुळीची पूड गुळात मळायची, बोराएवढी गोळी करायची, तिच्यावर मुलगा झालेल्या बाईच्या लुगड्याचा दोरा सात वेढे गुंडाळायचा आणि दात न लावता गिळायची. तीन रविवार, तिसरा महिना भरायच्या आत. दसऱ्याला मी सोनमला तुमच्याबरोबर पाठवलं नाही ते यासाठी. प्रवासाचं कारण खोटं होतं.

मला नातवाची एवढी हौस होती का, हे मी तीन दिवस स्वतःला विचारते आहे. सिंधूबाईला दोन नातू आहेत. ते परसात खेळतात तेव्हा ती मला म्हणते, "तुझ्याकडं बी यील गं." त्यात टोमणा होता की माया, हे मी कधी नीट ऐकलंच नाही. मी टोमणाच धरला. अंगणवाडीत मी बायकांना सांगते, मुलगा-मुलगी ठरवणारी कसलीही औषधं घेऊ नका, बाळाला अपाय होतो. ते पाठ आहे मला. घरी येऊन गोळीला वेढे घालताना ते आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. मला ते इतरांसाठी खरं वाटायचं.

मावशीने टाके घातले, आतल्या पिशवीला वेगळे, वरच्या कातड्याला वेगळे. हळद लावली आणि गेली. सोनम कवडीला सोडायला तयार नव्हती. मान खाली घालूनच म्हणाली,

"आत्या, कवडीनं दोनच खाल्ल्या."

मी म्हटलं, "तिसरी कुठंय?"

"पयली तुम्ही म्होरं बसून दिली. त्वांड उघडून बघितलंत गिळली का म्हनून." मग माझ्याकडे पाहिलं. "ती माझ्या पोटात गेली. पुढच्या दोन मी गालात धरल्या आन् हिला दिल्या. मला काय ठाव हिला बाधंल. मला वाटलं, हिला न्हाई कळत पोरगा-पोरगी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमाला सांगायचं? दिलं कुनी व्हतं?"

मल्हारला तिने सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "आईला कळतंय, ती अंगणवाडीत हाय."

काल मी तिला दौंडला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रिक्षात ती माझ्यापासून सरकून बसली होती. डॉक्टरीणबाईंना मीच सांगितलं, सगळं, सोनमला बोलायला लावलं नाही. त्यांनी सोनोग्राफी केली. बाळाचे ठोके चांगले आहेत. दोरा केव्हाच पडून गेला असेल, त्याचं भय नाही म्हणाल्या. भय त्या पुडीचं. तिच्यात काय होतं हे कुणालाच माहीत नाही. उरलेली पूड मी नेली होती, ती त्यांनी ठेवून घेतली. एका गोळीने काही झालं नसेलही, पण पाचव्या महिन्यात मोठी सोनोग्राफी होईपर्यंत तसं लिहून देता येणार नाही. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, "तुम्ही अंगणवाडी सेविका ना?" मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा परत लावला आणि पुढची तारीख लिहिली.

परत आल्यावर सिंधूबाईच्या दारात गेले. रंगूमावशीला तिथेच बोलावून घेतलं आणि दोघींसमोर सांगितलं की दोरा माझा. मावशी "अगं बया" म्हणाली. सिंधूबाईने सुपातली बाजरी पाखडून संपवली. मग म्हणाली, "गुरुवारी बोलायला काय झालं व्हतं तुला?" वस्तीभर होईल आता. होऊ दे.

सोनमला तुमच्याकडे यायचं आहे. किती दिवसांसाठी, ते ती सांगत नाही आणि मी विचारलेलं नाही. आज ज्योतिबामामांच्या टेम्पोतून येते आहे. कवडी जिवंत आहे, टाके सुकेपर्यंत ती इथेच राहील. त्यांना सांगितलंय, हळू चालवा, शिक्रापूरच्या पुढे रस्ता खराब आहे. डॉक्टरांचे कागद, गोळ्या, पुढची तारीख पिशवीत आहे. मोठ्या सोनोग्राफीला तुम्ही तिच्याबरोबर जा. मी यावं असं तिने स्वतः म्हटलं तरच येईन. मागच्या पत्रात मी तुमच्यावर जे आळ घातले ते शब्द परत घेता येत नाहीत, ते तुमच्या डब्यात आहेत. मल्हार पुढच्या रविवारी येईल. त्याला दारात उभं करायचं की घरात घ्यायचं, ते तुम्ही दोघींनी ठरवा.

हे सगळं आत्ताच सोनमला वाचून दाखवलं. तिच्यावरचं तिला न सांगता लिहायची माझी सवय मोडायला हवी. इथे खाली मी "मला माफ करा" असं लिहिलं होतं. तिने बोट ठेवून ते खोडायला लावलं.

म्हणाली, "आईला नंतर म्हना. मला म्हनलाच न्हाई अजून."

खरं आहे. डॉक्टरांना सांगितलं, जावेला सांगितलं, तुम्हाला चार पानं लिहिली. तिला म्हटलेलं नाही.

ती बाहेर पायरीवर पिशवी घेऊन बसली आहे. टेम्पो यायला अजून थोडा अवकाश आहे. आता पेन ठेवते आणि तिच्याकडे जाते.

प्रतिभा