बंब हमझाला, ठोकळे अजराला

मी, कमरुद्दीन हुसेन मुकादम, राहणार रोहा, जहाजावरचा निवृत्त सुतार, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोक्याबद्दल माझ्या मुलाचे मत वेगळे आहे. त्याने ते डॉक्टरांना विचारावे.

१. घर आणि बँकेतली ठेव शरियतप्रमाणे वारसांत वाटली जावी. तिथे माझे काही चालत नाही, म्हणून भांडतही नाही.

२. परसातली शेड, लेथ, कानशी आणि ब्रायरचे उरलेले ठोकळे सून अजरा हिला द्यावेत. एक तृतीयांशापर्यंत मिळकत वारस नसलेल्या माणसाला देता येते आणि सून वारस नसते, असे कमळाकर वकील सांगतात. कायद्याने ही एक सोय फार छान करून ठेवली आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाची गाठ. ती उकळून वर्षानुवर्षे सावलीत वाळवली की तिचा पाइप होतो. आत तंबाखू जळते, लाकूड जळत नाही. जिनोआ बंदरात मी हे काम शिकलो आणि येताना पोतेभर ठोकळे घेऊन आलो. इथल्या कंपन्यांतले साहेब माझे पाइप ओढत. मी स्वतः साधी बिडीही ओढलेली नाही.

३. हमझा, माझा एकुलता मुलगा आणि अजराचा नवरा, गेल्या वर्षी दुबईहून आला आणि पहिल्याच सकाळी त्याने आंघोळीसाठी बंबात माझे ठोकळे कोंबले. ते नुसते धुमसत राहिले, पाणी गार ते गारच. "अब्बांचं लाकूड पन अब्बांसारकंच, पेटत नाय!" असे तो टॉवेल गुंडाळून ओरडत होता. अजराने चिमट्याने ठोकळे बाहेर काढले. त्यातल्या एकाचा करपलेला भाग तासून तिने पुढे महिन्याभराने माझ्यासमोर पाइप ठेवला. रोज शेडमध्ये चहा आणताना काय काय बघून ठेवले होते कोण जाणे. "अब्बा, हवा जाते काय बगा." मी फुंकून पाहिले. जात होती. मला रडूच आले.

आता हमझाला शेड पाडून एसटीडी बूथ काढायचा आहे. त्याला मी तांब्याचा बंब देतो. वारसाला मृत्युपत्राने असे वेगळे देता येत नाही म्हणतात, म्हणून बंब आजच त्याच्या खोलीच्या दारात नेऊन ठेवला आहे.

४. हमरापूरचे मूर्तिकार महिपती यांनी "लाकूड समदं सारकंच" म्हणत आंब्याचा पाइप केला, मूर्तीचा उरलेला रंग फासला आणि एका साहेबाला विकला. तो साहेबाच्या मिशीखालीच पेटला. जळका पाइप मी जपून ठेवला आहे. तो कर्त्याला सन्मानाने परत द्यावा.

५. हमझा माझा लाडका आहे, हेही लिहून ठेवतो. तरी त्याने शेडवर हक्क सांगितलाच, तर वकिलाकडे जाण्याआधी त्याने चार माणसांसमोर ब्रायरचा एक ठोकळा बंबात घालून आंघोळीपुरते पाणी तापवून दाखवावे. तापले, तर शेड त्याची.

रोहा, १४ नोव्हेंबर १९९४
(सही) कमरुद्दीन हुसेन मुकादम

साक्षीदार:
(सही) कान्हू पाटील, राहणार खांब
(सही) महिपती म्हात्रे, हमरापूर. कलम ४ मान्य नाही. आंबा नव्हता, सागवान होता. कलम ५ ला माझी पूर्ण साक्ष. पाणी तापणार नाही.