मंगळवार-शुक्रवारची गाडी

सोमवार, ३ नोव्हेंबर

उशीर झाला, वहीबाई, माफ कर. जूनपासून तुझ्यात एक ओळ नाही. जूनमध्ये आमचा जुना मेकॅनिक वारला. त्यानंतर लिहायला बसलो की वाटायचं, आता काहीतरी वाईटच लिहावं लागणार. म्हणून टाळलं. आज टाळून भागत नाही.

शुक्रवारी गाडी मागे गेली!

हॉस्पिटलच्या गेटाशी चढ आहे, तिथे. ही शेजारी बसलेली. क्लच दाबला, पण दाबल्यासारखा वाटलाच नाही. गियर करकरला, इंजिन बंद, आणि गाडी मागे मागे. हँडब्रेक ओढला म्हणून निभावलं. मागे एक बाई कुणाची तरी चाकाची खुर्ची ढकलत होती. मध्ये दोन हात अंतर राहिलं. दोन हात!

वॉचमन म्हणाला, "आजोबा, ही गाडी आता म्युझियमला द्या." त्याला काय बोलायला हवं होतं ते घरी आल्यावर सुचलं.

ही एवढंच म्हणाली, "झालं ना? चला. मशीन आपली वाट बघत नाही."

मशीन म्हणजे हिचं रक्त धुण्याचं. मंगळवार आणि शुक्रवार, चार-चार तास. घरापासून चौदा किलोमीटर. टॅक्सी करून बघितली होती. मशीनवरून उठली की हिला उलट्या होतात. ऑगस्टमध्ये एका टॅक्सीवाल्याने अर्ध्या वाटेत उतरवलं. रस्त्याच्या कडेला माझा हातरुमाल पसरून त्यावर बसली होती ही. त्या दिवशी ठरवलं — टॅक्सी नाही. आपली गाडी अठ्ठावीस वर्षांची असली तरी तोंड वाकडं करत नाही.

हिने फोनवर लेकीला सगळं सांगून टाकलं. पोटात काही राहत नाही. लेक म्हणाली, "बाबा, महिनाअखेरपर्यंत गाडी धड झाली नाही तर आईला मी इकडे घेऊन येते. इथे सेंटर घराच्या मागेच आहे."

"आणि मी?"

"तुम्हीही या ना."

चौथा मजला. दोन खोल्या, त्यात ती चौघं. मला कुठे ठेवणार, माळ्यावर? आणि हिला स्वतःची भांडी, स्वतःची खिडकी सोडून एक रात्र काढवत नाही. नाही. महिनाभरात प्रामाणिक मेकॅनिक शोधायचा. शोधणारच!

मंगळवार, ४

नेलं आणि आणलं. चढाच्या गेटने गेलोच नाही. मागच्या गेटाशी उतरवलं. हिला दोनशे पावलं चालावं लागलं, तीनदा थांबली.

येताना गाडीच्या कंपनीच्या वर्कशॉपात डोकावलो. टायवाला पोरगा, समोर काच. "सर, या मॉडेलचे पार्ट येत नाहीत. एक्स्चेंज करून टाका." बायकोचेही पार्ट मिळत नाहीत म्हटलं, तिचंही करतोस का? ही गाडीत बसून ऐकत होती. म्हणाली, "विचारून तर बघा, नवीन काय देतात."

बुधवार, ५

चांगला मेकॅनिक ओळखायचा कसा? रात्रभर तळमळलो.

चाळीस वर्षं मी शिलाई मशीनं दुरुस्त केली. सातवीतून शाळा सुटली ती थेट स्क्रू-ड्रायव्हर हातात. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. एका स्क्रूचं काम असलं तरी गिऱ्हाइकासमोर कधी केलं नाही — "ठेवून जा, संध्याकाळी या." डोळ्यांदेखत केलं तर पैसे द्यायला जीव जड होतो ना! एक-दोनदा नवीन पार्ट टाकला म्हणून सांगितलं आणि जुनाच पुसून बसवला. एक-दोनदा नाही, जास्तच. इथे खोटं कशाला लिहू.

तेव्हा युक्ती ठरली. प्लगची एक वायर पकडीने जरा उपसून ठेवायची. इंजिन तीन पायांच्या कुत्र्यासारखं लंगडतं. बॉनेट उघडून दोन मिनिटं बघेल त्याला दिसेल. जो खरं सांगेल, त्याला क्लच दाखवायचा.

गुरुवार, ६

पुलाखालचा पहिला. याला मी मंत्री म्हणतो, कारण खुर्चीवरून उठलाच नाही. आवाज ऐकला आणि म्हणाला, "काका, इंजिन गेलं. उतरवावं लागेल."

"अरे, बॉनेट तर उघड!"

"चेहऱ्यावरून कळतं आपल्याला."

"कुणाच्या? माझ्या?"

शुक्रवार, ७

मागच्या गेटने. सिग्नलला दोनदा बंद पडली. मागचे हॉर्न वाजवत सुटले. हिने काच खाली करून त्यांना हात जोडले.

शनिवार, ८

दुसरा. फरशी चकाचक, बोलणं गोड, पाणी विचारलं. वाटलं, मिळाला! गाडी आत नेली, वीस मिनिटांत बाहेर. इंजिन लोण्यासारखं. "कार्बोरेटर पूर्ण खोलून साफ केला, काका."

कोपऱ्यावर गाडी थांबवली. कार्बोरेटरवरच्या धुळीत बोट फिरवलं. चार महिन्यांची धूळ, जशीच्या तशी. मी पुसून तरी बसवायचो रे!

सोमवार, १०

लाकडाच्या वखारीमागे एक आहे, एकटाच काम करतो. पाटी नाही. चाळिशीचा असेल. बोलतच नाही, म्हणून त्याचं नाव घुम्या.

वायर उपसून नेली. त्याने बॉनेट उघडलं, एकदा बघितलं, अंगठ्याने वायर दाबली. टक्! इंजिन सरळ. हात पुसले.

"काका, ही आपोआप निघत नाही. वायरच्या टोपीवर पकडीचे वळ आहेत. ताजे."

मला इतका आनंद झाला! म्हटलं, "शाब्बास! पास झालास!"

"मी परीक्षेला कुठे बसलो होतो?" बॉनेट खाली लावलं. "ज्याचा विश्वास नाही त्याची गाडी मी घेत नाही. उद्या काही झालं तर पहिला चोर मीच ठरणार. या तुम्ही."

या तुम्ही! पांढऱ्या केसांच्या माणसाला!

घरी सांगितलं तर ही खोकला येईपर्यंत हसली. "एक खरा माणूस मिळाला, त्यालाच पळवलात. शहाणपणाचं तुमच्याकडे दुकानच आहे."

मंगळवार, ११

चुकून मोठ्या गेटने गेलो, सवयीने. चढावर पुन्हा तसंच, पण मागे कुणी नव्हतं. हिने डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा मी बघत होतो हे तिला कळलं.

उद्या घुम्याकडे जाणार. हाकललं तरी जाणार.

बुधवार, १२

गेलो, गाडी न घेता. "बसू का?"

"बसा. कामात बोलायचं नाही."

दोन तास उलट्या डब्यावर बसलो.

गुरुवार, १३

गेलो. बसलो. आलो. कंबर धरली आहे.

शनिवार, १५

काल मशीनचा दिवस, म्हणून खाडा झाला. आज मी गेलो तर त्यानेच डबा पुढे सरकवला.

याची रीत बघितली. काढलेला प्रत्येक पार्ट कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या सीटवर ठेवतो. एका मास्तरांना म्हणाला, "हा बदलू नका, अजून सहा महिने जातील." मास्तर म्हणतात, "बदलूनच टाक रे." हा म्हणतो, "मग दुसरीकडे बदला." घ्या!

न राहवून बोललो. माझी चाळीस वर्षं सांगितली. पुसून बसवलेले पार्टही सांगितले. हे हिलासुद्धा माहीत नाही. त्याचा पाना थांबला.

"कुणाला फसवलं?"

"पुष्कळांना. एक बाई होती, फ्रॉक शिवायची. त्या मशीनवरच तिचं घर चालायचं. आठवड्यात पुन्हा बंद पडलं. ती पुन्हा माझ्याकडेच घेऊन आली. विश्वासाने."

"मग?"

"पुन्हा पैसे घेतले."

हातातला नट घट्ट पिळला. मग म्हणाला, "सोमवारी गाडी आणा. आज बोललात तसंच बोलायचं. मी विचारीन त्याला खरं उत्तर."

घरापर्यंत चालत आलो. वाटेत एकदाही बसलो नाही!

सोमवार, १७

हे नीट लिहायचं आहे.

क्लचचं सगळं सांगितलं. त्याने गाडी स्वतः चालवली, मी शेजारी. पाण्याच्या टाकीच्या चढावर नेली. मध्येच थांबवली, पुन्हा चढवली. तीन वेळा. गाडी एक इंच मागे आली नाही.

"क्लच उत्तम आहे. तुमच्या जुन्या माणसाने प्लेट चांगली टाकलीय. दोन वर्षं बघायला नको."

"मग?"

"आता तुम्ही चालवा."

मैदानात दोन फेऱ्या मारल्या. तो रस्त्याकडे बघतच नव्हता, खाली बघत होता. मग म्हणाला, "थांबवा. बंद करा. काका, डोळे मिटा."

मिटले.

"डावा पाय कुठे आहे? क्लचवर की खाली?"

"क्लचवर," मी म्हटलं. अगदी ठासून.

"उघडा."

पाय खाली होता. पायपुसण्यावर. चप्पल निसटून बाजूला पडली होती, तीही मला कळली नव्हती.

घुम्याने चप्पल उचलून माझ्या पायाशी ठेवली. मीच म्हटलं, "साखर आहे नऊ वर्षं. पावसाळ्यापासून जरा बधिर वाटतं." पावसाळ्यापासून नाही, त्याच्याही आधीपासून. कुणाला बोललो नव्हतो. तुलाही नाही, वही.

"हाताने दाबायचा क्लच बसवता येतो ना? मी बघितलाय एका गाडीत."

"येतो. बसवून देईन. पण आधी डॉक्टरकडून उजवा पाय तपासून या. ब्रेक त्या पायाने मारता तुम्ही."

हिला सांगितलं. म्हणाली, "रोग म्हशीला आणि औषध पखालीला." पण हसली नाही. माझा पाय मांडीवर घेऊन अंगठा दाबत बसली. "कळतंय?" म्हणाली. कळतंय म्हटलं.

मंगळवार, १८

मीच नेलं. सगळं ठाऊक असताना. लिहायला लाज वाटते.

पाय कुठे आहे ते बघत बघत चालवत होतो. दोनदा ही ओरडली, "अहो, पुढे बघा!" येताना ती अर्धमेली असते, डोकं काचेला टेकलेलं. आज सारी वाट ताठ बसून समोर बघत होती. माझ्या वाटणीचं.

बुधवार, १९

डॉक्टर. त्याच्याकडे नायलॉनच्या दोऱ्यासारखी एक बारीक तार होती. डोळे मिटायला सांगितले. तार लागली की हो म्हणायचं. मी शहाणपणाने थोड्या थोड्या वेळाने हो, हो म्हणत गेलो.

"आजोबा, आत्ता तर मी कागद लिहीत होतो."

उजवाही गेलाय.

गुरुवार, २०

लेकीला निरोप. आधी इथे उतरवतो, मग शेजारीण मोबाइलवर टाकून देईल.

"बाळ, गाडीला काही झालेलं नाही. पाय गेले ते माझे, दोन्ही. तुझ्या आईला मी सहा महिने या पायांनी नेत होतो. मंगळवारीसुद्धा नेलं, कळल्यावर. शुक्रवारीही नेलं असतं, मी मला ओळखतो. म्हणून चावी मेकॅनिककडे देऊन आलो. त्याला बजावलं आहे, मी मागायला आलो, रडलो, शिव्या दिल्या, तरी द्यायची नाही. तो देणार नाही. तसा माणूस शोधायला मला पंधरा दिवस लागले. उद्या आईला तोच नेणार आहे, पण उद्यापुरताच. मंगळवारी तिला कोण नेणार, तू इकडे येतेस की आम्ही दोघं तिकडे यायचं, तू म्हणशील तसं. लवकर कळव."