दोरीवरचा माशीमार

सर्जापूर रोड, बंगळूरु
गुरुवार, १२ फेब्रुवारी

माझ्या पत्नीचे, शालिनीचे वर्षश्राद्ध तोंडावर आले असताना अक्काने, माझ्या थोरल्या बहिणीने, आज निष्कारण वाद उकरून काढला. निष्कारण? तिच्या दृष्टीने नसेलही.

बाल्कनीतील कपड्यांच्या दोरीवर मागच्या बांबूच्या बेटातून निळा माशीमार येतो. चिमणीएवढा पक्षी, पाठ निळी, छाती नारिंगी. झेप घेऊन हवेतच डास टिपतो आणि पुन्हा त्याच दोरीवर येऊन बसतो. शालिनी चहा थंड होईपर्यंत त्याला पाहत असे.

"अरे, शालिनीच ती! स्वल्प दहीभात ठेव," अक्का हात जोडून म्हणाली.

"अक्का, तो नर आहे. आणि तो भात खात नाही, डास खातो."

"सरी, सरी, कळले! तू आणि तुझे शास्त्र! उद्या डासांचे औषध फवारणारे येताहेत, पाहुण्यांसाठी."

मी तत्काळ दूरध्वनी करून फवारणी रद्द केली.

शालिनी गेली आहे. ती पक्षी होऊन आली असे मानून मला माझे दुःख स्वस्त करावयाचे नाही. परंतु तिचा आवडता पक्षी अजून येतो, आणि त्याचे अन्न मी माझ्या घरातून नाहीसे होऊ देणार नाही. एवढाही हट्ट करू नये काय?

"पाहुण्यांना काय सांगू?" अक्का कडाडली.

"पूर्ण बाह्यांचे कपडे घालून या म्हणावे."

हे लिहिताना मलाही डास चावत आहेत. चावोत. दोरी आता रिकामी आहे. तिच्यावर कोणीही कपडे वाळत घालावयाचे नाहीत.