कुरडईच्या गव्हाचा वास

आई, मी परवा बारमध्ये गेले होते. भर दुपारी, इस्त्रीची साडी नेसून, पुढच्या दारानं. तुझ्या नातीनं बोलावलं होतं.

नवऱ्यापासून वेगळी होऊन ती पुण्याहून माझ्याकडे बुलढाण्याला राहायला आली आणि गेल्या वर्षी तिनं इथं बिअरची आवड असणाऱ्यांचं एक मंडळ काढलं. महिन्यातल्या एका रविवारी ही माणसं जमतात. एक वकील, एक बियाण्यांचा दुकानदार, दवाखान्यातली एक नर्स आणि तिचा नवरा, असे काहीजण. वेगवेगळ्या बिअर थोड्या थोड्या चाखायच्या आणि त्यांच्यावर बोलायचं. वर्षभर त्या रविवारी मी तिच्याशी बोलले नाही. ती परतली की मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचे. परवा मंडळाला वर्ष झालं. ती म्हणाली, "आई, या वेळी ये. नाही आलीस तर रागावणार नाही, पण पुन्हा विचारणारही नाही." आवाज अगदी शांत होता. सासर सोडतानाही ती अशीच शांत होती, म्हणून मला धसका बसला.

माझं दार लावून घेणं तुला कळेल. डोणगावच्या घरात बाबा आले की दार तू उघडायचीस. त्यांच्या तोंडाला दारूचा वास येतो का ते बघायला क्षणभर थांबायचीस आणि आम्हा भावंडांना खुणेनं सांगायचीस, घरात थांबायचं की शेजारच्या काकूंकडे झोपायला जायचं. कॉलेजात असताना मी तुला शब्द दिला होता, मी राहीन त्या घरात हा वास येणार नाही. तू कणीक मळत होतीस. वर न बघताच म्हणालीस, "वासाचं काय घेऊन बसली वो माय! मानूस पाह्य ना." मला तुझा राग आला होता. ज्या बाईनं सगळं सोसलं तिनंच असं बोलावं, हे मला पटलं नव्हतं.

तो बार मलकापूरच्या रस्त्याला आहे. भिंतीला फुगे लावलेले, टेबलावर केक. मी दारातच थबकले तेव्हा वकील उठून म्हणाले, "या काकू, पंख्याखाली बसा. इथं कोनी कोनाले आग्रह नाही करत. आग्रह फक्त केकचा." त्यांचा एक रिवाज मला तिथं कळला. दर वेळी एकजण कोरडा राहतो आणि बाकीच्यांना घरी पोचवतो. परवा पाळी आपल्या पोरीची होती. ती लिंबू सोडा घेऊन बसली होती. वर्षभरात मी तिला यातलं काहीच विचारलं नव्हतं.

दुसरा नियम तिनं स्वतः घातलेला. वास घेतल्यावर मोबाइलवर वाचलेलं सांगायचं नाही, आपल्या घरातलं, शेतातलं काय आठवलं ते सांगायचं. पण परवा कोणालाच काही आठवेना. वर्धापनदिनाच्या उत्साहात दुकानदारानं गव्हाच्या बिअरच्या बाटल्या सकाळपासून बर्फात गाडून ठेवल्या होत्या.

"मले तं नुसता बर्फच लागून राह्यला," नर्स म्हणाली.

"थंडी पाहिजे म्हनून ठेवल्या ना!"

"थंडी म्हनजे किती बे?" वकील ओरडले. "तू तं तिले पार शवागारात ठेवली!"

सगळे हिरमुसले. पोरगी सोड्याच्या ग्लासाकडे बघत राहिली. तिनं आठवडाभर या दिवसाची तयारी केली होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तोंडं काय पाडता? ग्लास दोन्ही हातांत धरा. ऊब लागल्याशिवाय वास कसा सुटेल?" मोठमोठी माणसं निमूट ग्लास कवटाळून बसली. एक ग्लास मीही धरला. थोड्या वेळानं नाकाजवळ नेला, आणि तुझ्या ओट्याखालचं पातेलं समोर आलं. कुरडईला भिजत घातलेला गहू. मी नाक दाबायचे आणि तू माझा हात झटकून म्हणायचीस, "दाबू नको, वास घे. त्याच्यानंच समजते, झाला का नाही तं."

"कुरडईचा गहू," मी म्हटलं.

"बाप्पा, हो ना!" नर्स जवळजवळ किंचाळली. "आमच्या मायच्या घरचा!"

"तिसऱ्या दिवसाचा का, आई?" पोरीनं विचारलं.

"दुसऱ्या. तिसऱ्याला आणखी आंबट येतो."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. आई, या घरात आल्यापासून ती अशी हसली नव्हती. मग मी एक घोट घेतला. कडू होता. उरलेला ग्लास वकिलांकडे सरकवला.

एकेकाला घरी सोडून आल्यावर शेवटी तिनं मला गाडीवर घेतलं. वाटेत विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "तो पंखा फार आवाज करतो."

मला तिला म्हणायचं होतं, की पोरी, तू बोलायला लागलीस की ती सगळी माणसं गप्प होऊन ऐकतात. एक बॅग घेऊन दारात उभी राहिलेली तू, आणि परवाची तू. मला तुझा अभिमान वाटला. हे वाक्य मला कधी तोंडानं बोलता आलेलं नाही, आणि आता तिला सांगायचं सोडून मी ते तुला लिहीत बसले आहे. ती गच्चीवर कपडे वाळत घालते आहे. हे पत्र इथंच राहू दे. मी वर जाते.