हिरवा बोर्ड

३ डिसेंबर
आजपासून शहराच्या हवेचा कारभार माझ्याकडे. साहेब म्हणाले, चौकातला हवेची प्रत दाखवणारा बोर्ड महिन्याभरात लालचा हिरवा झाला पाहिजे. म्हटलं, झालाच समजा. संकल्प: भट्ट्या बंद, कचरा जाळणं बंद.

घरी पेढे नेले. बायको म्हणाली, आधी पोरीची धाप थांबवा. तिची नजर घरापुरतीच.

६ डिसेंबर
वीटभट्टीवर नोटीस घेऊन स्वतः गेलो. धुरात मालक दिसेना. दिसला तेव्हा साहेबांचा मेहुणा निघाला. चहा फर्मास. नोटीस खिशात राहून गेली.

९ डिसेंबर. सकाळी
कचरा जाळणाऱ्यांना रंगेहाथ पकडलं. आपल्याच खात्याची माणसं. थंडी फार होती, मीही जरा हात शेकले.

पोरीच्या डॉक्टरांनी बजावलंय, बोर्ड लाल असेपर्यंत बाहेर सोडायचं नाही. ऑफिसमधून आलो की खिडकीतूनच विचारते, "बाबा, आज रंग कोणता?" लाल म्हणतो आणि चष्मा पुसत बसतो. धूळ असणार.

१४ डिसेंबर
सुचलं! बोर्डाला जोडलेलं हवा मोजायचं यंत्र अग्निशमन केंद्राच्या गच्चीवर आहे. खाली बंब नुसतेच उभे. सकाळ-संध्याकाळ यंत्राभोवती पाण्याचा फवारा. तिथली हवा तर स्वच्छ झाली! सुरुवात कुठून तरी करावीच लागते. बाकीचं शहर टप्प्याटप्प्याने.

१५ डिसेंबर
पिवळा.

१८ डिसेंबर
हिरवा!! साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. संध्याकाळच्या पेपरात फोटो. जरा खोकताना आलाय, पण चेहरा ओळखू येतो.

पोरीला रंग सांगितला, तर नाचायलाच लागली. फवाऱ्याचं बायकोला सांगणार होतो. पण जेवण छान झालं होतं, कशाला विषय काढा.

२० डिसेंबर
ऑफिसात सत्कार. घरी यायला उशीर झाला. दाराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, पोरगी दुपारभर मैदानात खेळली, मग श्वासच घेता येईना. दवाखान्यात नेलंय.

२१ डिसेंबर. दवाखाना
डॉक्टरांनी विचारलं, बाहेर का सोडलीत? बायको म्हणाली, "बोर्ड हिरवा होता ना. ह्यांच्याच खात्याचा आहे." तिच्या आवाजात अजून थोडा अभिमान होता. मी औषधांची चिठ्ठी घेऊन बाहेर पडलो. मला भीती वाटते आहे.

साहेबांचा फोन येऊन गेला. फवारा चालू ठेवा म्हणाले. बरं म्हटलं.

संध्याकाळी पोरीने तोंडावरचा मास्क बाजूला केला. "बाबा, आज रंग कोणता?"

हिरवा म्हणालो. मग उठून खिडकी लावून घेतली.