आकृतीकडे बघा ना

बाई, उद्या माझ्या वर्गात डोळ्याचा धडा आहे. दरवर्षी तो जवळ आला की तुमच्याशी बोलावंसं वाटतं आणि दरवर्षी मी ते टाळतो. आज टाळायचं नाही म्हणून बसलो आहे. तुम्हाला आवडायचं तसं क्रमाने सांगतो.

आधी तुमची प्रश्न विचारण्याची पद्धत. शाळेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही दुपारच्या आमच्या विश्रांतवाडीच्या घरी यायचात, आईबरोबर मेथी निवडत बसायचात आणि मान वर न करता मला प्रश्न टाकायचात. उत्तर तुम्हाला ठाऊक असायचंच. ते मला ठाऊक आहे का, एवढंच बघायचं असायचं. एकदा तुम्ही विचारता, दूध उतू जातं, मग पाणी का जात नाही? मी काहीतरी ठोकून देतो. 'करून बघ,' तुम्ही म्हणता. मी गॅसपाशी सायीकडे टक लावून उभा राहतो आणि दूध ओट्यावरून थेट फरशीवर येतं. आई लाटणं घेऊन उठते. तुम्ही शांतपणे म्हणता, 'अहो, दूध मी आणून देते. त्याला आधी काय दिसलं ते सांगू द्या.' साय वाफेला कशी अडवून धरते, ते मी त्या दिवशी हुंदके देत सांगितलं, आणि तरीही आनंदाने सांगितलं. समजावून सांगण्याची चटक मला तिथेच लागली. पुढे मी प्राध्यापक झालो तेव्हा पेढा तोंडात टाकत तुम्ही म्हणालात, 'म्हणजे आता पगार घेऊन बडबडणार.'

आता तो दिवस. मी वारज्याला राहायला गेलो होतो. न कळवता, बस बदलत, तुम्ही एकट्या तिथवर आलात. पाणी प्यायलात आणि विचारलंत, 'कडेचं सगळं दिसतंय, पण मधलंच दिसेनासं झालं, तर ते कशामुळे?' दुसऱ्या कुणी हे विचारलं असतं, तर 'कुणाला होतंय?' असं माझ्या तोंडून सहज निघालं असतं. पण विचारणाऱ्या तुम्ही होतात, आणि तुमचा प्रश्न म्हणजे माझी परीक्षा, हे माझ्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. मी उत्साहाने कागद ओढला. भिंग काढलं, मागचं दृष्टिपटल काढलं, त्याच्या मध्यावर पीतबिंदूचा ठिपका दिला. समोरच्याचा चेहरा, छापील अक्षर, सुईचं नेढं, जे जे आपण रोखून बघतो ते सगळं या एवढ्याशा ठिपक्यावर पडतं, असं सांगितलं. तो निकामी झाला की माणूस नजर बाजूला नेऊन कडेने बघू लागतो, हेसुद्धा सांगितलं. तुम्ही कागद हातात धरून खिडकीकडे पाहत होतात. मला वाटलं, तुमचं लक्ष उडालं. मी म्हणालो, 'बाई, तिकडे कुठे? आकृतीकडे बघा ना.' तुम्ही निमूटपणे मान वळवलीत, कागदावर बोट टेकवलंत आणि म्हणालात, 'हाच का तो?' बोट भिंगावर होतं. मी ते उचललं आणि योग्य जागी ठेवलं.

चहा घेऊन तुम्ही उठलात. दारात म्हणालात, 'छान सांगितलंस. विचारायचं काही राहिलं नाही.' ती शाबासकी समजून मी संध्याकाळपर्यंत खुशीत होतो.

काही दिवसांनी आईचा फोन आला. तुम्ही दवाखान्यात एकट्याच जाऊन आलात, डोळ्यात इंजेक्शन देतात, त्याची तुम्हाला फार धास्ती होती. 'सोबत येशील का, हेच विचारायला तर आल्या होत्या त्या तुझ्याकडे,' आई म्हणाली. मग विचारलं का नाही, असं मी जवळजवळ रागावूनच म्हटलं. 'म्हणाल्या, पोरगं इतकं रंगलं होतं, मध्ये तोडवेना.'

त्यानंतरच्या प्रत्येक खेपेला मी तुमच्याबरोबर आलो. बाकावर शेजारी बसलेल्यांना तुम्ही माझी ओळख करून द्यायचात, 'हे आमचे प्राध्यापक. डोळ्याचं काहीही विचारा, यांना सगळं ठाऊक आहे.' ते हसायचे, मीही हसायचो आणि माझे कान तापायचे. परतताना रिक्षात क्षमा मागायची असं मी घरून ठरवून निघायचो. रिक्षात बसलं की तुम्ही एखादा प्रश्न काढायचात आणि मी तो समजावून सांगू लागायचो. असं करता करता तुम्ही गेलात.

आणि आता मूळ मुद्दा, जो मी सवयीने शेवटी ठेवला आहे. पीतबिंदू शिकवताना मी वर्गात तुमची गोष्ट सांगतो. तुमचं नाव घेत नाही, 'माझ्या एक शिक्षिका' एवढंच म्हणतो. हातात आकृती, नजर खिडकीकडे. 'ती नजर पाहताक्षणी मी ओळखलं,' असं मी सांगतो, 'आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो.' मुलं लिहायची थांबतात. पेपरात हा भाग कुणाचा चुकत नाही. मागच्या वर्षी एक मुलगी तास संपल्यावर मुद्दाम येऊन म्हणाली, 'सर, तुम्ही होतात म्हणून बरं झालं.' मी मान डोलावली.

हे पत्र कुठेही जायचं नाही, ते मला ठाऊक आहे. उद्या वर्गात खरं काय ते सांगेन, एवढं एक वाक्य लिहायला म्हणून मी ते सुरू केलं होतं. बाकी सगळं लिहून झालं, बाई. ते वाक्य अजून लिहिता आलेलं नाही.